वाटणी कशाने मोजायची?

या वेळच्या टपालात पाणी आणि पार्किंगचीच पत्रं जास्त, म्हणून त्या दोन उत्तरांना जागाही जास्त दिली आहे. सोसायट्यांबाबत जिथे ‘उपविधी’ म्हटलं आहे तिथे सहकार खात्याचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, धरले आहेत. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत वेगळी असेल तर तीच लागू होईल.

प्रश्न: आमची घोडबंदर रोडला १२० घरांची सोसायटी आहे. पालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून रोज टँकर मागवतो आणि बिल सगळ्या घरांत सारखं वाटतो. वन बीएचकेवाले म्हणतात, आम्ही दोघंच राहतो, सहा जणांच्या घराइतके पैसे का भरायचे? मीटर लावायचं म्हटलं तर प्लंबर म्हणतो, जुन्या बिल्डिंगला ते जमणार नाही. काय करावं?
— सोसायटीच्या सचिव, कासारवडवली

उत्तर: वाटणीच्या आधी मोजणी करा. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा निकष आहे. घरटी चार माणसं धरली तर १२० घरांना दिवसाला ६४,८०० लिटर लागतात. पालिकेच्या मीटरचं रीडिंग सात दिवस ठरलेल्या वेळी घ्या, त्यात त्या आठवड्याचे टँकर मिळवा आणि सातने भागा. उत्तर सत्तर हजारांच्या आसपास आलं तर तुमचा वापर ठीक आहे, पुरवठाच कमी पडतो. नव्वद हजार आलं तर आधी गळती शोधा. गळकं पाणी कितीही न्यायाने वाटलं तरी बिल उतरत नाही.

गळती बहुधा तीन जागी सापडते. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व अडकतो आणि ओव्हरफ्लोचं पाणी थेट पावसाळी पाइपात उतरतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. तो पाइप तोडून वॉचमनच्या नजरेला पडेल अशा जागी मोकळा सोडा. दुसरी जागा म्हणजे फ्लशच्या टाकीतलं झिजलेलं रबर. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून फ्लश न करता अर्धा तास थांबा; भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. तिसरी जागा जमिनीखालची टाकी. रात्री पालिकेचा व्हॉल्व आणि पंप दोन्ही बंद करून काठीने पातळी घ्या, चार तासांनी पुन्हा घ्या. २० फूट बाय १५ फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे ७०८ लिटर.

हीच काठी टँकरलाही लावा. दहा हजार लिटरच्या टँकरने अशा टाकीची पातळी चौदा इंच चढायला हवी. बारा इंचच चढली तर दीड हजार लिटर कमी आले. मोजताना पंप आणि पालिकेचं पाणी बंद हवं, नाहीतर टँकरवाल्याशी फुकट वाद होईल. पाण्याची क्लोरीन चाचणीही करून घ्या; उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

आता वाटणी. उपविधींप्रमाणे पाण्याचे पैसे घरातल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून लावायचे असतात. म्हणजे सगळ्यांना सारखं बिल ही सोयीची रीत झाली, नियम तसा नाही. नळांचं माप घराच्या आकाराच्या बरंच जवळ जातं, पण दोघंच राहत असलेल्या थ्री बीएचकेला ते भारी पडतं. डोई वाटणी ऐकायला सगळ्यात न्यायाची वाटते, पण चालवायला सगळ्यात वाईट. बाळंतपणाला आलेली लेक मोजायची का, भाडेकरूने चारऐवजी सहा जण ठेवले हे कुणी सांगायचं, असे प्रश्न दर महिन्याला उठतात आणि कमिटीला शेजाऱ्यांच्या घरात डोकावत बसावं लागतं.

मीटर जमतात, फक्त एका घराला एक मीटर पुरत नाही. जुन्या बांधकामात स्वयंपाकघर आणि प्रत्येक बाथरूमला गच्चीवरून वेगळी लाइन उतरते, म्हणून एका घराला तीन ते पाच मीटर लागतात आणि त्यांची बेरीज करावी लागते. प्लंबर नाही म्हणतो ते यामुळे. कोटेशन मागताना ‘घरटी दर’ विचारू नका, ‘दर मीटरला बसवण्यासह’ विचारा आणि प्रत्येक विंगमधल्या लाइन आधी स्वतः मोजा.

दुसरी अडचण वरच्या मजल्यांची. गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि शेवटच्या मजल्यावरचा शॉवर यांत तीन मीटर अंतर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. त्यातला काही मीटर खातो आणि आंघोळीला बारीक धार येते. म्हणून वरच्या दोन मजल्यांना दाब कमी खाणारे अल्ट्रासॉनिक मीटर लावा, नाहीतर तेवढ्या लाइनला छोटा प्रेशर पंप द्या. मीटरच्या आधी गाळणी हवी आणि ती वर्षातून दोनदा धुवायला हवी. मीटर डक्टमध्ये बसवा, घरात नको. रीडिंगसाठी दार वाजवावं लागलं की तिसऱ्या महिन्यात रीडिंग बंद पडतं. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, लाइनीत हवा भरली की मीटर हवेवरही फिरतो.

दर ठरवताना बिलाचे दोन भाग करा. पंपाची वीज, टाकी धुणं, दुरुस्ती हा खर्च घर बंद असलं तरी होतो, तो सगळ्यांवर ठेवा. वापराच्या भागात पालिकेचं स्वस्त पाणी आधी समान वाटा. समजा रोज ४०,००० लिटर येतं, तर घरटी ३३३ लिटर पालिकेच्या दराने आणि त्यावरचा प्रत्येक लिटर टँकरच्या दराने. टँकर शेवटच्या लिटरसाठी येतो, तेव्हा त्याचे पैसे तो लिटर वापरणाऱ्याने द्यावेत, असं आमचं मत आहे. मोठ्या कुटुंबावर यात अन्याय होतो. त्यासाठी चारपेक्षा जास्त माणसं असलेल्या घराने पुराव्यासह अर्ज केला तर त्याचा स्वस्त वाटा वाढवा. ज्याला हवं तो स्वतः मागेल, कमिटीला शिरगणती करावी लागणार नाही.

बाग, स्विमिंग पूल आणि गाड्या धुण्याचा नळ यांना वेगळे मीटर लावायला विसरू नका. नाहीतर घरांच्या मीटरची बेरीज मुख्य मीटरशी कधीच जुळणार नाही आणि उरलेलं पाणी कमिटीच्या नावावर चढेल. थोडा फरक तरीही राहतो, कारण टपटपणारा नळ साध्या मीटरला कळत नाही. पहिले तीन महिने रीडिंग फक्त नोटीस बोर्डावर लावा, बिल जुन्या पद्धतीने घ्या. आकडे रुळले की विरोधही बराच निवळतो.

प्रश्न: मी तळमजल्यावर राहतो. लिफ्ट कधीच वापरत नाही, तरी लिफ्टचा खर्च माझ्याकडून घेतात. हे बरोबर आहे का?
— नौपाडा, ठाणे

उत्तर: नियमाने बरोबर आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सदस्यांनी, वापर असो वा नसो, तिचा खर्च सारखा वाटून घ्यायचा असतो. मागच्या विंगला लिफ्टच नसेल तर त्यांच्याकडून मात्र घेता येत नाही. सेवा शुल्कही घरटी सारखं असतं. विम्याचा हप्ता बांधीव क्षेत्रफळावर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के. बऱ्याच सोसायट्या सगळंच चौरस फुटावर लावतात. तुमच्या बिलात सेवा शुल्क चौरस फुटावर लावलेलं दिसलं तर हरकत त्यावर घ्या, लिफ्टवर नको.

प्रश्न: आमच्याकडे ६४ फ्लॅट, ५६ गाड्या आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या भागात, ४० जागा आहेत. काही जणांकडे बिल्डरने पैसे घेऊन दिलेली पार्किंगची पत्रं आहेत. ते म्हणतात, जागा आमच्या मालकीची. बाकीचे चिठ्ठ्या टाका म्हणतात. त्यात दोघांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, त्यांना चार्जरही हवा आहे.
— सोसायटीचे खजिनदार, सानपाडा

उत्तर: आधी इमारत कुठल्या कायद्याखाली विकली गेली ते पाहा. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या (बिल्डरच्या फ्लॅटविक्रीचा महाराष्ट्राचा जुना कायदा) इमारतींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात निकाल दिला: स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा म्हणजे फ्लॅट नव्हे, बिल्डरला ती स्वतंत्र विकता येत नाही. ती सामाईक जागा ठरते आणि तिचा कारभार सोसायटीकडे येतो. रेराखालच्या (२०१६ चा केंद्राचा स्थावर मालमत्ता कायदा) नव्या इमारतींत उघड्यावरचं पार्किंग सामाईकच आहे, पण छत आणि तीन बाजूंना भिंती असलेलं गॅरेज विकता येतं. त्यासाठी नोंदवलेला करारनामा तपासावा लागतो. पत्रवाल्यांनी पैसे खरेच मोजले असतील तर त्यांची तक्रार बिल्डरशी आहे. तरीही त्यांच्या गाड्यांना रातोरात साखळ्या घालू नका. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि वर्षाच्या सुरुवातीपासून तो लागू करा.

जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, असं उपविधी सांगतात. मात्र दरवर्षी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात टाकल्या तर एखाद्याचा नंबर तीन-तीन वर्षं लागत नाही. तुमच्या आकड्यांत सोपा तोडगा बसतो. पहिल्या वर्षी ५६ मधून ४० निघतील, १६ बाहेर राहतील. दुसऱ्या वर्षी त्या १६ जणांना चिठ्ठीशिवाय जागा द्या आणि उरलेल्या २४ जागांसाठी गेल्या वर्षीच्या ४० जणांच्या चिठ्ठ्या टाका. पुन्हा १६ बाहेर, पण सगळे नवे. असं चालवलं तर सलग दोन वर्षं कुणीच बाहेर राहत नाही. बाहेर राहणाऱ्यांची संख्या जागांपेक्षा कमी असेपर्यंत ही पद्धत चालते.

चिठ्ठ्यांआधी जागा टेपने मोजा. गाडीला २.५ मीटर बाय ५ मीटर धरा. खांबामुळे दार उघडत नसलेली जागा ‘लहान गाडी’ म्हणून वेगळ्या यादीत ठेवा, नाहीतर एसयूव्हीवाल्याला नेमकी तीच येते आणि अदलाबदलीचा बाजार सुरू होतो. अपंग सदस्याची जागा चिठ्ठीत घालू नका, ती लिफ्टजवळ कायमची ठेवा. घरटी एकच जागा, तीही गाडीची आरसी (नोंदणीपत्र) सदस्याच्या किंवा त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाच्या नावावर असेल तरच. दुसरी गाडी उरलेल्या जागेत, वर्षापुरती आणि चढ्या दराने. जागा परस्पर भाड्याने द्यायची नाही, हे ठरावातच लिहा. अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता कितीही मोह झाला तरी रंगवून पार्किंगला देऊ नका. उंच इमारतीभोवती तो सहा मीटर मोकळा लागतो.

जागा दरवर्षी बदलणार असेल तर चार्जर ज्याच्या त्याच्या जागेवर बसवणं चुकीचं ठरेल. महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळा मीटर घ्या, स्टिल्टच्या छताखालून केबल ट्रे फिरवा आणि दर दहा जागांमागे दोन-तीन पॉइंट काढा. जवळच्या जागा ईव्हीवाल्यांत आधी वाटा, मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या. १६ अँपिअरचा एक पॉइंट ३.३ किलोवॅट घेतो. बारा पॉइंट एकदम चालले तर सुमारे चाळीस किलोवॅट होतात, म्हणून मंजूर भार आधी तपासा. टायमर लावून निम्म्या गाड्या रात्री अकरानंतर आणि निम्म्या पहाटे तीननंतर चार्ज केल्या तर निम्म्या भारात भागतं. प्रत्येक पॉइंटला उपमीटर हवा. सामाईक मीटरवरून कुणालाही वायर ओढू देऊ नका.

प्रश्न: आमच्या गावठाणातली पोरं समोरच्या सेक्टरमधल्या मैदानात खेळायला जातात, तर तिथले सोसायटीवाले हाकलतात. गेटला कुलूप असतं. जमीन आमच्याच वाडवडिलांची होती.
— घणसोली गाव

उत्तर: नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतर, शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून मिळाली. ती भरपाई भूखंडाची होती, मैदानाची नाही. सेक्टर आखताना गावठाणाभोवती रेघ मारली गेली आणि आत दाट घरं, अरुंद गल्ल्या उरल्या. सेक्टरचं मैदान वापरण्यावाचून गावच्या मुलांना दुसरा पर्याय क्वचितच असतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जमिनीच्या इतिहासात कमी आणि त्या भूखंडाच्या कागदात जास्त मिळेल. भूखंड क्रमांक आणि सेक्टर लिहून माहिती अधिकारात विचारा: भूखंड कुणाच्या ताब्यात आहे, विकास आराखड्यात त्याचा वापर काय, भाडेपट्टा असल्यास त्याची प्रत, गेट आणि कुलपाला परवानगी कुणी दिली. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. मग तीनपैकी एक निघेल. पालिकेचं सार्वजनिक मैदान असेल तर वेळा पालिका ठरवते, शेजारच्या सोसायटीला कुलूप लावण्याचा अधिकार नाही. विभाग अधिकाऱ्याकडे आणि उद्यान किंवा मालमत्ता विभागाकडे लेखी तक्रार करा. शाळेला किंवा संस्थेला दिलेलं मैदान असेल तर शाळेनंतर लोकांना वापरू देण्याची अट भाडेपट्ट्यात आहे का ते वाचा. आणि ते सोसायटीच्याच आवारातलं मोकळं मैदान निघालं तर तुमचा हक्क लागत नाही. एकात्मिक विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते, ती तिथल्या रहिवाशांसाठी असते.

तिसरं निघालं तर विकास आराखड्याच्या वेळी किंवा नगररचना कायद्याच्या कलम ३७ खालच्या फेरबदलाच्या नोटिशीवर हरकत-सूचना द्या. फेरबदलाच्या नोटिशीला एक महिन्याची मुदत असते. पाचशे लोकांच्या सहीचं एकच छापील पत्र सुनावणीत एका वाक्यात निकाली निघतं. त्यापेक्षा नकाशाची प्रत जोडून गावठाणाच्या मध्यापासून मैदानापर्यंत चालत किती मीटर पडतं, वाटेत कोणता रस्ता ओलांडावा लागतो आणि पर्यायी भूखंड कोणता, हे तीन मुद्दे लिहा. केंद्राची २०१४ ची नियोजन मार्गदर्शिका माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवते. गावठाणाच्या लोकसंख्येने गुणून तो आकडा समोर ठेवा.

प्रश्न: पाऊस आणि भरती एकत्र आली की आमच्या सेक्टरमध्ये गुडघाभर पाणी. वरच्या अंगाला राहणारे म्हणतात, आमच्याकडे काहीच तुंबत नाही. हा दोष कुणाचा?
— सीबीडी बेलापूर

उत्तर: नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या भागात भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी खाडीत उतरू शकत नाही. म्हणून धारण तलाव केले. उधाणात खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की झडपा आपोआप उघडून ते बाहेर जातं. तलाव गाळाने भरला की साठवण घटते. झडपेत प्लास्टिक अडकलं की ती मिटत नाही आणि खाडीच आत येते. गाळावर खारफुटी उगवली असेल तर पालिकेला थेट उपसा करता येत नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर खारफुटी काढायला न्यायालयाची परवानगी लागते. तक्रार करताना ‘तलाव साफ करा’ एवढंच लिहू नका. झडपा पावसाळ्याआधी केव्हा तपासल्या आणि परवानगीचा अर्ज केला आहे का, हे विचारा.

वरच्या अंगाच्या लोकांना हिशेब दाखवा. १,००० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे पाच टँकर. आवारात पेव्हर ब्लॉक असतील तर त्यातलं फारच थोडं मुरतं, बाकीचं उताराने तुमच्या दारी येतं. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संचयन सक्तीचं आहे. पण खाडीजवळ भूजल वर आणि खारट असतं, तिथे शोषखड्डा करून उपयोग नाही. तो पहिल्याच सरीत भरून राहतो. तिथे साठवण टाकी हवी. शोषखड्डा पारसिकच्या डोंगराकडच्या भागात ठीक.

प्रश्न: स्टेशनकडे जाणाऱ्या फुटपाथवर फेरीवाले बसतात, चालायला जागा नाही. त्यांना हटवा म्हटलं तर गरिबांवर अन्याय म्हणतात.
— ठाणे पूर्व

उत्तर: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं ठरवलं आहे. ४०,००० वस्तीच्या प्रभागात ते हजारापर्यंत जातात. निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण आणि आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला. तुमच्या प्रभागात सर्वेक्षण झालं का आणि त्या रस्त्यावर विक्री क्षेत्र आखलं आहे का, हे आधी विचारा. नुसती हटवाहटवी केली तर विक्रेते दोन दिवसांत परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथेच उतरतं.

जागेचा वाद टेपने सुटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळे हवेत. तीन मीटर फुटपाथ असेल तर विक्रेत्याला १.२ मीटर उरतात असं वाटतं, पण समोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आणखी अर्धा-पाऊण मीटर लागतो आणि तो चालण्याच्या वाटेतून जातो. म्हणून अशा फुटपाथवर विक्री बसतच नाही. ती बाजूच्या गल्लीत एका अंगाला आखून मागा. साडेतीन-चार मीटरचा फुटपाथ असेल तर विक्रेते रस्त्याच्या कडेला, पाठ वाहनांकडे करून बसवता येतात. दिव्याचे खांब आणि वीजपेट्यांच्या ओळीतच त्यांना बसवलं तर वेगळी जागाही जात नाही. समितीला निवेदन देताना दर वीस मीटरवर घेतलेली रुंदीची मापं जोडा आणि ती सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळची घ्या.